एका पंगतीत वाढलेली शाळा

कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला जैन वसतिगृहात राहणारा एक उंचापुरा विद्यार्थी हजर होता. तो परत आला तेव्हा आंघोळ करून, कपडे बदलूनच जेवणाच्या पंगतीला बसावे, असे त्याला बजावण्यात आले. अस्पृश्यांच्या सहवासाने आपण बाटलो हेच त्याला मान्य नसल्याने त्याने आंघोळीला नकार दिला आणि त्याची वसतिगृहातून हकालपट्टी झाली. पुढे सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणून एका पंगतीत जेवू घालणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचे बीज या प्रसंगात आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे. विट्याला असताना दलितांना पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून लहानग्या भाऊने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण आजही सांगितली जाते. अभ्यासापेक्षा कुस्तीत अधिक रमणाऱ्या या मुलाचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. जैन वसतिगृहाचे दार बंद झाल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. त्या काळात महाराजांचा सहवास आणि सत्यशोधक विचारांचे संस्कार त्याला लाभले. कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीपेक्षा हीच शिदोरी त्याला जन्मभर पुरली.

आकसाला जागा नाही

१९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठे हे त्याच जैन वसतिगृहाचे प्रमुख होते, जिथून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. जुना हिशेब चुकता करण्याची संधी चालून आली होती. परंतु भाऊरावांनी खोटे बोलण्याऐवजी तुरुंगवास आणि छळ पत्करला. ज्या माणसाने आपल्याला घराबाहेर काढले, त्याच्यासाठीही सत्य सोडायचे नाही, ही वृत्ती पुढे संस्था उभारताना त्यांच्या उपयोगी पडली. विरोधकाला शत्रू मानण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

पोटासाठी त्यांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरले. या भटकंतीत त्यांना खेड्यांचे खरे दर्शन घडले. नांगर विकत घेण्याची ऐपत असलेल्या शेतकऱ्याचा मुलगाही शाळेत जात नव्हता, मग भूमिहीन मजुराच्या मुलाची काय कथा! शाळा तालुक्याच्या गावी, तिथे राहण्या-जेवण्याची सोय नाही, खोली मिळाली तरी जात आडवी येणार. म्हणजे अडचण शाळेच्या फीपुरती नव्हती. रात्री पाठ टेकायला जागा, दोन वेळची भाकरी आणि अभ्यासापुरता उजेड या गोष्टींशिवाय गरिबाच्या मुलाला शिक्षणाची वाट मोकळी होणार नाही, हे त्यांनी ओळखले.

वेगळ्या वाटेची निवड

वसतिगृहांची कल्पना नवी नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिकाच उभी केली होती. मात्र ती प्रामुख्याने जातवार आणि धर्मवार होती. त्या काळात प्रत्येक समाजाला स्वतःच्या मुलांसाठी पुढे यायला लावण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. भाऊरावांनी महाराजांचा वारसा स्वीकारला, पण त्याची रचना बदलली. वेगवेगळ्या वसतिगृहांत शिकलेली मुले शहाणी होतील, पण एकमेकांना परकीच राहतील, असे त्यांचे मत होते. १९१० मध्ये सहकाऱ्यांसह दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम काढून त्यांनी या प्रयोगाचा पाया घातला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे ठेवण्यात आले.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यात आले. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, जैन, मुसलमान अशा सगळ्या घरांतली मुले एकत्र राहू लागली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, पाणी मुलांनीच भरायचे, दळण-झाडलोट पाळीने करायची. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ज्या काळात सार्वजनिक पाणवठ्यावरही सर्वांना मज्जाव नव्हता असे गाव शोधून सापडत नसे, त्या काळात कोणाच्या हातची भाकरी कोणी खायची हा सामाजिक युद्धाचा विषय होता. भाऊरावांनी त्यावर व्याख्याने देण्याऐवजी कामाच्या पाळ्या लावून दिल्या. ज्याच्या हातचे पाणी घरी चालत नव्हते, त्याच्या हातची भाकरी मुले रोज खाऊ लागली आणि विटाळाची भीती सवयीने विरून गेली. मुलाला आपण उपरे आहोत असे वाटेनासे झाले की त्याचे मन अभ्यासात रमते, हे सत्य या वसतिगृहाने अनुभवातून सिद्ध केले.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले. सर्व जातींची मुले इतक्या सहजपणे एकत्र नांदताना पाहून ते प्रभावित झाले. त्यांच्याच हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

वहिनींचे सौभाग्यलेणे

या संसाराचा खरा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. त्या सोवळेओवळे कडकपणे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. पतीने घरात आणलेल्या अठरापगड जातींच्या मुलांना आपले म्हणणे त्यांना सुरुवातीला सोपे गेले नाही. पण पुढे त्या साऱ्यांच्या वहिनी झाल्या, आजारी मुलाच्या उशाशी बसू लागल्या. घरोघरून मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृह चालत असे आणि ते धान्यही कधी कधी पुरत नसे. अशा प्रत्येक अडचणीला वहिनींच्या अंगावरचा एकेक दागिना कमी होत गेला. अखेर मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. वसतिगृहातील मुले दुसऱ्यांदा पोरकी झाली. भाऊरावांच्या चरित्रातला हा भाग अनेकदा दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक रयतची पहिली देणगीदार हीच माउली होती.

दानापेक्षा घाम

पत्नीच्या मृत्यूनंतर भाऊराव अधिकच कामाला जुंपले गेले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यातील समझोता कागदावर न राहता मुलांच्या रोजच्या जगण्यात उतरावा, हा त्यामागचा हेतू होता. खेड्यांना खेड्यांतलेच शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तिथे विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर श्रम करायचे आणि त्या बदल्यात शिकायचे, अशी योजना होती. कमवा आणि शिका या नावाने ती पुढे महाराष्ट्रभर पोचली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले.

या श्रमाला दुहेरी अर्थ होता. फुकट मिळालेल्या अन्नाने मिंधेपणा येतो, तो कष्टाने टळत होता. शिवाय पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा यांच्या हातात एकच कुदळ आल्याने श्रमाला चिकटलेली जातही गळून पडत होती.

वाट मात्र निष्कंटक नव्हती. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण सरकारी धोरणावर त्यांनी केलेल्या टीकेमुळे त्याच सुमारास संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांच्या शिक्षणावर टांगती तलवार आली. लोकांमधून पैसा उभा राहिला, संत गाडगे महाराजांसारखे सुहृद पाठीशी राहिले आणि कालांतराने अनुदान पूर्ववत झाले. संस्था सरकारच्या नव्हे तर रयतेच्या बळावर उभी आहे, हे या संकटाने दाखवून दिले.

१९५९ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला सन्माननीय डी. लिट. पदवी अर्पण केली. अवघ्या महिनाभराने, ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात चार भिंतींच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

आज रयतच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालये आहेत. आकड्यांत मोजता येईल असे हे यश. पण भाऊरावांनी विचारलेला प्रश्न आकड्यांत मावणारा नाही. शाळांच्या इमारती वाढल्या, परंतु ऐपतीप्रमाणे शाळा निवडण्याच्या काळात धनिकाचे आणि मजुराचे मूल एका बाकावर बसण्याचे प्रसंग कमी होत चालले आहेत. जातीच्या नावाने होणारा अपमान असह्य होऊन विद्यार्थ्याने जीव दिल्याच्या बातम्या उच्च शिक्षणाच्या नामांकित आवारांतूनही येतात. प्रवेश मिळणे आणि आपलेपणा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका स्वयंपाकघरात उमगले होते. तिथली चूल मुलांनी पाळीपाळीने पेटवली होती.