उसन्या नावांचा कारागीर

जुनी सतार विकत घ्यायची तर जाणकार माणूस मिरजेला जातो, भोपळ्याला टिचकी मारतो, दांडी डोळ्यांसमोर धरून वाकली आहे का ते पाहतो आणि मगच किमतीचा विषय काढतो. पाश्चात्त्य देशांत जुने ट्रंपेट घेणारेही असेच चोखंदळ असतात. त्यांच्या बाजारात व्हिन्सेंट बाख या नावाला मोठा भाव आहे. हा बाख म्हणजे थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख नव्हे आणि त्याच्या घराण्यातलाही नव्हे. त्याच्या ट्रंपेटच्या कर्ण्यावर स्ट्रॅडिव्हेरियस हे दुसरे नाव कोरलेले असते. तेही १७३७ साली वारलेल्या क्रेमोना येथील व्हायोलिनकाराचे. दोन्ही नावे उसनी! मग या माणसाचे स्वतःचे असे काय होते?

व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी १८९० साली त्याचा जन्म झाला. मूळ नाव व्हिन्सेंट्स श्रोटेनबाख. लहानपणी हाती व्हायोलिन आले, मागाहून ट्रंपेट. शिक्षण मात्र यंत्रविद्येचे. १९१० साली ते पुरे झाले आणि सरळ वाटेने गेला असता तर एखाद्या कारखान्यात इंजिनियर म्हणून स्थिरावला असता. त्याने ट्रंपेट पत्करले. कलाशाखेत नाव घालताना ज्यांनी घरी बोलणी खाल्ली असतील, त्यांना हा प्रसंग अधिक सांगायला नको. रंगमंचावर वावरताना लांबलचक आडनाव छाटून त्याने बाख एवढेच ठेवले.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. ऑस्ट्रियाचा नागरिक म्हणजे शत्रूचा माणूस. अटक टाळून तो न्यूयॉर्कला पोचला. बोस्टन सिंफनी वाद्यवृंदाचा संचालक कार्ल मुक याने त्याचे वादन ऐकून त्याला आपल्याकडे घेतले आणि पुढे मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊसमध्येही त्याला जागा मिळाली. परक्या देशात आलेल्या पंचविशीतल्या वादकाने याहून अधिक काय मागावे?

पण त्याच्या आयुष्याला वळण लागले ते एका बिघाडाने. दौऱ्यावर असताना पिट्सबर्ग शहरात त्याने आपला माउथपीस एका कारागिराकडे दुरुस्तीला दिला आणि त्याने तो पार बिघडवून टाकला. माउथपीस म्हणजे ओठ टेकवायची बोटभर लांबीची वाटी. वादकाच्या ओठांना ती एकदा सवयीची झाली की दुसरी चालत नाही. बाखला मनाजोगती दुसरी मिळेना. तेव्हा बाजूला ठेवलेली यंत्रविद्या कामाला आली. १९१८ साली ३०० डॉलर घालून त्याने पायाने चालवायचा लेथ घेतला आणि न्यूयॉर्कच्या सेल्मर वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या भागात स्वतःच माउथपीस कातायला सुरुवात केली.

मला त्याचे खरे मोठेपण इथे दिसते. चांगला माउथपीस तोवर कारागिराच्या हाताचा गुण मानला जाई. बाखने तो मापात बांधला. आकडा वाटीच्या रुंदीचा, अक्षर खोलीचे. आकडा लहान तितकी वाटी रुंद. ए म्हणजे खोल आणि पुढची अक्षरे येतील तशी उथळ. त्याचा सात-सी हा माउथपीस आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात. एकदा मोडला तर तसाच दुसरा मिळावा, ही त्या पिट्सबर्गच्या वादकाची गरज त्यात भागली आहे.

१९२४ साली त्याने पूर्ण ट्रंपेट बनवायला घेतले. वादकांनी त्याची तुलना स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनशी केली आणि व्यवहारी बाखने ते नावच उचलले. पुढे कारखाना ब्राँक्स भागात गेला, १९५३ साली माउंट व्हर्ननला. १९६१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने कंपनी सेल्मरला विकली. ज्या नावाच्या दुकानात त्याचा पहिला लेथ फिरला होता त्याच सेल्मरला. काही वर्षांत कारखाना इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गावी हलला.

हे सारे त्या पितळेवर वाचता येते. कर्ण्यावर न्यूयॉर्कपुढे ६७ हा आकडा असेल तर ते वाद्य १९४३ नंतरचे, कारण अमेरिकेत टपालाचे असे विभाग त्याच वर्षी सुरू झाले. माउंट व्हर्नन असेल तर बाखच्या कारखान्याच्या अखेरच्या काळातले. त्याला किंमत अधिक. मधल्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यावरचा अनुक्रमांक या पत्त्याशी जुळायला हवा. नुसत्या बाख या नावाला भुलू नये. मर्क्युरी, मिनर्व्हा ही त्याचीच स्वस्तातली वाद्ये, आणि पुढे तर शिकाऊ मुलांच्या ट्रंपेटवरही तेच नाव आले.

मग प्रकृती पाहायची. कोरीव अक्षरे पुसट असतील तर वाद्य घासून पुन्हा चकचकीत केले आहे आणि पत्रा पातळ झाला आहे असे समजावे. माउथपीसपुढच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर पितळेतले जस्त झडून तांबे उरले आहे, नळी कुजते आहे. एखादा व्हॉल्व्ह न दाबता त्याची सरकनळी ओढावी आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. फट्ट असा आवाज आला तर हवा धरली जाते आहे. चकाकीला भाळणारा इथे हमखास फसतो.

पत्त्याचेही पूर्ण खरे मानता येत नाही. एल्कहार्टला तयार झालेल्या सुरुवातीच्या काही वाद्यांत माउंट व्हर्ननहून आणलेले सुटे भाग बसवलेले आहेत. म्हणजे शिक्का नव्या गावाचा आणि काम जुन्या हातांचे. अशा वाद्याची किंमत काय करावी, यावर जाणकारांत वाद होतात. माझे मत विचाराल तर कोरलेल्या गावापेक्षा आतल्या नळीला अधिक मोल द्यावे.

बाख १९७६ साली वारला. आपल्या कारखान्यातून निघालेल्या वाद्याचे तो टिपण ठेवत असे. अनुक्रमांक, कर्णा कोणत्या मापाचा, नळी कोणती, असा तपशील त्या कार्डांवर आहे. त्यांतली पुष्कळशी कार्डे टिकली. जुने ट्रंपेट हाती आलेला माणूस आजही मधल्या व्हॉल्व्हवरचा आकडा वाचतो आणि त्या आकड्याचे कार्ड शोधू लागतो.