संत बर्नाडेट आणि आपला श्वास

लूर्ड्समातेची तसबीर आपल्या अनेकांच्या घरी असते. तिच्यापुढे गुडघे टेकलेली मुलगी दम्याची रुग्ण होती, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही.

बर्नाडेट सुबिरू हिचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी फ्रान्समधील लूर्ड्स गावी झाला. गरिबीमुळे पुढे सारे कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका ओलसर खोलीत राहू लागले. दमा लहानपणापासूनच होता. १८५५ मध्ये कॉलऱ्याने प्रकृती आणखी ढासळली. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती सरपणासाठी निघाली, तेव्हा थंडी बाधेल म्हणून आईचे मन होईना. सोबतच्या मुली थंडगार पाण्यातून पलीकडे गेल्या. दम्याच्या धास्तीने ती मागे राहिली आणि तिथेच तिला पवित्र मरियेचे पहिले दर्शन घडले.

तिथल्या झऱ्यापाशी अनेकांना आरोग्य लाभले. तिचा दमा गेला नाही. तरी तिची श्रद्धा ढळली नाही आणि तिने डॉक्टरांचे उपायही नाकारले नाहीत. १८६६ मध्ये ती नेव्हेरच्या मठात गेली. तिथे तिने आजारी भगिनींची सेवा केली. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी ती प्रभूघरी गेली. ८ डिसेंबर १९३३ रोजी तिला संतपद मिळाले.

त्या काळी डॉक्टरांनी तिला दम्यावर तपकीर दिली होती. तंबाखू दम्याला घातक असतो, हे आज आपण जाणतो. आज इन्हेलर आहे. त्यातले थोडेसे औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, त्याचे व्यसन लागत नाही. तरीही आपण तो चारचौघांत लपवतो, बरे वाटताच परस्पर बंद करतो. बर्नाडेटने आपला दमा लपवला नाही. आपणही प्रार्थना करू या आणि औषधही वेळेवर घेऊ या.