बूट काढून खेळणारा सॅम

कॉलेजला घालतो तेच स्निकर्स घालून गोल्फ कोर्सवर गेलं तर चालेल का? आज बऱ्याच ठिकाणी चालतं. पण एक काळ असा होता, की तळाला लोखंडी खिळे असलेले चामडी बूट नसतील तर समोरचा माणूस गोल्फर वाटायचाच नाही. त्या काळात एका पठ्ठ्याने चक्क बूटच काढून ठेवले. त्याचं नाव सॅम स्नीड.

सॅमचा जन्म २७ मे १९१२ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला. घरची परिस्थिती बेताची. मोठा भाऊ होमर गोल्फचे फटके मारायचा आणि धाकटा सॅम ते बघून शिकायचा. स्टिक विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने झाडाच्या फांद्या तासून स्टिक बनवल्या. मग जवळच्या हॉट स्प्रिंग्ज गावात श्रीमंत पाहुण्यांच्या बॅगा उचलणारा कॅडी झाला. शिकवायला कोच वगैरे कोणी नव्हता. स्विंग मात्र असा घडला, की पुढे गोल्फमधल्या सर्वांत सुंदर स्विंगमध्ये तो गणला गेला.

१९३७ मध्ये सॅम मोठ्या स्पर्धांमध्ये उतरला आणि जिंकायला लागला. वर्तमानपत्रांनी त्याला डोंगरातला गावठी पोरगा म्हणून रंगवलं. १९४२ मध्ये ऑगस्टा इथल्या मास्टर्स स्पर्धेच्या वेळी तो सरावात अनवाणी खेळला आणि चर्चेला ऊत आला. जीन साराझेनसारख्या दिग्गज खेळाडूलाही हे रुचलं नाही. गोल्फ म्हणजे सभ्य लोकांचा खेळ, तिथे हे काय भलतंच, असा सूर होता.

पण सॅमसाठी ही स्टंटबाजी नव्हती, त्यामागे साधं लॉजिक होतं. खिळ्यांचे बूट जमिनीला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे कितीही जोर लावला तरी पाय हलत नाही आणि चूक झाकली जाते. अनवाणी असताना उगाच ताकद लावली की तोल जातो. म्हणजे स्विंग आपोआप संथ आणि तालात येतो. तोल सुधारण्यासाठी अनवाणी सराव करा, हा सल्ला तो इतरांनाही द्यायचा.

त्याच वर्षी त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि मग नौदलात भरती झाला. १९४६ मध्ये सेंट अँड्रयूजला ब्रिटिश ओपन जिंकली, पण बक्षिसापेक्षा प्रवासखर्चच जास्त झाला. एकूण सात मोठ्या स्पर्धा आणि पीजीए टूरवर ८२ विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. २०१९ मध्ये टायगर वुड्सने या आकड्याची बरोबरी केली.

एक सल मात्र राहिलीच. यूएस ओपन त्याला कधीच मिळाली नाही. चार वेळा तो दुसरा आला. १९३९ मध्ये तर शेवटच्या होलवर पाच फटके पुरले असते. पण तेव्हा कोर्सवर आजच्यासारखे स्कोअरबोर्ड नव्हते. आणखी एक फटका वाचवायला हवा असं समजून त्याने धोका पत्करला आणि आठ फटके घालवले. ज्याने उगाच जोर न लावण्याची सवय पायांना लावली, त्याचा तोल नेमका तिथे गेला.

तरीही तो खेळत राहिला. १९६५ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्याने ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकली. २३ मे २००२ ला, नव्वदी पूर्ण व्हायला चार दिवस बाकी असताना तो गेला.

त्यानंतर आठ वर्षांनी त्याच ऑगस्टात फ्रेड कपल्स स्निकर्ससारखे बिनखिळ्यांचे शूज घालून, तेही बिनमोज्यांचा, खेळायला आला आणि पहिल्या दिवशी आघाडीवर राहिला. यावेळी त्याला कोणी गावठी म्हटलं नाही, उलट तसे शूज घ्यायला लोकांची झुंबड उडाली. आणि गंमत बघा, हिरवळ खराब होते म्हणून आज अनेक कोर्सवर बंदी आहे ती त्या जुन्या लोखंडी खिळ्यांवर. अनवाणी सॅमने हिरवळीचं काहीच बिघडवलं नव्हतं.