कंटेनरयुगाचा जनक : माल्कम मॅकलीन

आधुनिक बंदराच्या प्रवेशद्वारातून कंटेनर आत शिरताच कॅमेरे त्याच्यावरील चार अक्षरे आणि सात अंक टिपतात व संगणक ते वाचतो. पेटी उघडावी लागत नाही. या व्यवस्थेचे मूळ माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकमालकाच्या उद्योगात आहे.

नॉर्थ कॅरोलिनातील मॅक्सटन येथे १९१३ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मॅकलीन यांनी १९३४ मध्ये एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू केला. १९३७ मध्ये होबोकेन बंदरात कापसाच्या गासड्या उतरविण्यासाठी त्यांना दिवसभर खोळंबावे लागले. एकेक नग हाताळण्याऐवजी सारी पेटीच जहाजावर चढवावी, हा विचार तेथेच सुचल्याचे ते पुढे सांगत असत.

१९५५ मध्ये ट्रक कंपनीवर पाणी सोडून त्यांनी जहाज कंपनी विकत घेतली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांचे 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. माल चढविण्याचा खर्च टनामागे सुमारे सहा डॉलरवरून १६ सेंटवर आला. मात्र, जगभरच्या गोदी कामगारांचा रोजगार हिरावला गेला. मुंबईच्या गोदीलाही त्याची झळ बसली.

पुढे त्यांच्या 'सी-लँड' कंपनीने कंटेनरच्या कोपऱ्यांतील जोडणीचे पेटंट रॉयल्टी न घेता खुले केले आणि एकसमान आंतरराष्ट्रीय मापांचा मार्ग सुकर झाला. पेट्या सारख्या झाल्यावर त्यांची ओळख क्रमांकावरच अवलंबून राहिली. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे प्रकाराचे, त्यानंतरचे सहा अंक अनुक्रमाचे, तर शेवटचा पडताळणीचा. अक्षरांची मूल्ये व अंक ठराविक पटींनी गुणून, बेरजेला ११ ने भागून तो काढतात. गंज वा चिखलामुळे कॅमेऱ्याने '३' चा '८' वाचला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक बहुधा तेथेच उघड होते.

मॅकलीन यांचेही हिशेब एकदा चुकले. तेल महागच राहील, या अंदाजाने त्यांनी प्रचंड, पण संथ जहाजे बांधली. तेल स्वस्त झाले आणि त्यांची 'युनायटेड स्टेट्स लाइन्स' ही कंपनी १९८६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

२५ मे २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या सकाळी जगभरातील कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवून या ट्रकवाल्याला मानवंदना दिली.