फाशीचे दोन दोर आणि एक वकील : क्लॅरेन्स डॅरो

तारखेच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात गेलं की झाडाखाली बसलेली माणसं दिसतात. हातात एफआयआरची झेरॉक्स आणि तोंडात एकच प्रश्न, कलम किती जड आहे? अपहरणाचा गुन्हा असला तर घरच्यांची झोपच उडते. बातमीसाठी तिथं बसून बसून मला एक कळलं. आपल्या पोरावर नेमका आरोप काय, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वकिलाची गोष्ट सांगतो.

क्लॅरेन्स डॅरो यांचा जन्म १८ एप्रिल १८५७ चा, ओहायो राज्यातला. किन्समन या छोट्या गावात ते वाढले. वडील लाकडी सामान बनवायचे, शवपेट्याही बनवायचे. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकं भरपूर. डॅरो एक वर्ष कॉलेजात गेले, एक वर्ष कायदा शिकले, पदवी काही घेतली नाही. मधे खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली. १८७८ मध्ये सनद मिळाली आणि १८८७ मध्ये त्यांनी शिकागो गाठलं.

तिथं ते रेल्वे कंपनीचे वकील झाले. पगार चांगला होता. पण १८९४ च्या पुलमन संपात कामगार पुढारी युजीन डेब्ज यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॅरो यांनी नोकरी सोडली आणि डेब्ज यांची बाजू घेतली. त्याच वर्षी शिकागोच्या महापौरांचा खून करणाऱ्या प्रेंडरगास्टला वाचवायचा त्यांनी प्रयत्न केला. तो वेडा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही, प्रेंडरगास्ट फासावर गेला. फाशीच्या शिक्षेला डॅरो यांनी शेवटपर्यंत विरोध केला.

सरकारनेच पळवून नेलं तर?

फेब्रुवारी १९०६ मध्ये बिल हेवूड आणि खाण कामगारांच्या आणखी दोन पुढाऱ्यांना डेन्व्हर शहरात रात्री पकडलं. तिथल्या कोर्टात दाद मागायची संधीही न देता खास रेल्वेगाडीने आयडाहो राज्यात नेलं. आरोप होता माजी गव्हर्नरच्या खुनाचा. हे तर अपहरणच झालं, अशी तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. कोर्टाने ती फेटाळली. एकट्या न्यायमूर्ती मॅकेना यांनी विरोधी मत दिलं.

मग डॅरो पुराव्यावर लढले. सगळा खटला हॅरी ऑर्चर्ड या एका साक्षीदारावर उभा होता, आणि खून तर त्यानेच केलेला. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला वेगळा आधार लागतो, असा तिथला कायदा होता. तो आधार सापडला नाही. १९०७ मध्ये हेवूड सुटले.

डॅरो काही संत नव्हते. लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात ज्युरीला लाच दिल्याचा आरोप खुद्द त्यांच्यावर आला. १९१२ मध्ये एका खटल्यात ते सुटले. १९१३ मध्ये दुसऱ्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. त्यांनी ते केलं की नाही, यावर आजही वाद होतो. आरोपीच्या पिंजऱ्यात कसं वाटतं, हे मात्र त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळलं.

शिकागो, १९२४

२१ मे १९२४. शिकागोच्या श्रीमंत वस्तीतला १४ वर्षांचा बॉबी फ्रँक्स शाळेतून घरी परतलाच नाही. १९ वर्षांचा लिओपोल्ड आणि १८ वर्षांचा लोब यांनी त्याला भाड्याच्या गाडीत बसवून मारलं, आणि नंतर त्याच्या घरी १०,००० डॉलरची खंडणी मागितली. दोघंही बड्या घरचे, हुशार. प्रेताजवळ लिओपोल्डचा चष्मा सापडला. त्या बिजागरीचे चष्मे शिकागोत फक्त तीन विकले गेले होते. दहा दिवसांत दोघांनी कबुली दिली, आणि वकील येण्याआधीच पुराव्याच्या जागाही दाखवून टाकल्या.

६७ वर्षांच्या डॅरो यांनी वकीलपत्र घेतलं. इथं त्यांचं खरं कसब दिसतं. इलिनॉय राज्यात तेव्हा खुनालाही फाशी होती आणि खंडणीसाठी अपहरणालाही. नुसता खून कबूल केला असता, तर सरकारने अपहरणाचा खटला वेगळा चालवून पुन्हा फाशी मागितली असती. म्हणजे दोर दोन. ज्युरीपुढे जावं तर शहर खवळलेलं. डॅरो यांनी २१ जुलैला दोन्ही गुन्हे एकदमच कबूल करून टाकले. आता ज्युरी नाही. शिक्षा ठरवणार एकटे न्यायाधीश कॅव्हर्ली.

मग मानसोपचार तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. डॅरो यांनी तीन दिवस भाषण केलं. १० सप्टेंबरला निकाल लागला. खुनाला जन्मठेप, अपहरणाला ९९ वर्षं. न्यायाधीशांनी पोरांचं वय बघितलं. लोब १९३६ मध्ये तुरुंगातच मारला गेला, लिओपोल्ड १९५८ मध्ये सुटला. बॉबी मात्र घरी आला नाही. त्याच्या आईबापाचं दुःख कुठल्याही भाषणाने कमी होणार नव्हतं. डॅरो यांनी गुन्हा झाकला नाही, फक्त दोन जीव दोरापासून वाचवले. १३ मार्च १९३८ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे काय?

डॅरो यांचा डाव इथं जसाच्या तसा चालत नाही, कायदा वेगळा आहे. पण पहिली पायरी तीच, प्रत्येक कलम वेगळं वाचायचं. भारतीय न्याय संहितेत साधं अपहरण कलम १३७ मध्ये येतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. खंडणीसाठी अपहरण कलम १४० (२) मध्ये, तिथं फाशी किंवा जन्मठेप. मुलगी १८ च्या आतली असेल, तर ती राजीखुशीने आली हे कलम १३७ मध्ये चालत नाही, पालकांची संमती बघतात. म्हणून वयाचा दाखला आधी काढा.

अटक झाल्यावर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे, आणि वकिलाला भेटायचा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. झाडाखाली बसून गावभर बोलत बसण्यापेक्षा हातातला तो कागद आधी वकिलाकडून वाचून घ्या.