खाटेवरची टकटक आणि शेवटचं धनुष्य

एक कल्पना करून बघा. तुमची भाषा बोलणारं जगात दुसरं कुणीच उरलेलं नाही. हाक मारायला कुणी नाही, भांडायलाही कुणी नाही. ‘इशी’ नावाच्या माणसानं हे प्रत्यक्ष भोगलंय.

२९ ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या खाटीकखान्याच्या कुंपणाशी पन्नाशीचा एक माणूस सापडला. उपाशी, थकलेला. त्याची भाषा कुणालाच कळेना. काहीही गुन्हा नसताना त्याला कोठडीत ठेवलं गेलं. मग विद्यापीठातून वॉटरमन नावाचे अभ्यासक याना भाषेतल्या शब्दांची यादी घेऊन आले. एकेक शब्द वाचत गेले, पण काही जुळेना. शेवटी ‘सिविनी’ म्हणत त्यांनी खाटेच्या लाकडी चौकटीवर टकटक केलं. सिविनी म्हणजे पिवळा पाइन. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला!

तो याही जमातीचा होता. १८४९ नंतर सोन्यासाठी कॅलिफोर्नियात लोंढे आले आणि मिल क्रीक, डिअर क्रीकच्या दऱ्यांमधल्या या लोकांची कत्तल झाली. उरलेले मूठभर लोक कित्येक वर्षं लपून जगले. १९०८ मध्ये सर्व्हे करणाऱ्यांना त्यांची झोपडी सापडली. त्यांनी तिथली धनुष्यं, पांघरुणं, हत्यारं आठवण म्हणून चक्क उचलून नेली. त्यानंतर लवकरच इशीची आई गेली आणि तो एकटा उरला.

आपलं नाव आपणच सांगायचं नाही, ही त्याच्या लोकांची रीत. नाव सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. म्हणून प्रा. क्रोबर यांनी त्याला याना भाषेतला ‘माणूस’ हा शब्दच नाव म्हणून दिला, इशी. खरं नाव कधीच कळलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये तो राहायला लागला. तिथे झाडलोटीचं कामही करायचा. शेजारीच मेडिकल कॉलेज होतं. तिथल्या डॉ. सॅक्स्टन पोप या सर्जनशी त्याची गट्टी जमली. डॉक्टर त्याच्या तब्येतीकडे बघायचे आणि तो डॉक्टरांना धनुष्य करायला शिकवायचा.

कसं करायचा? ज्युनिपरची फांदी घ्यायची. आडव्या पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जेवढं अंतर, तेवढी लांबी. लाकूड खरवडायचं, गरम दगडावर टोकं वाकवायची. मग हरणाच्या पायातल्या कंडरांचे तंतू चावून चावून मऊ करायचे आणि सामन माशाच्या कातडीपासून केलेल्या सरसानं धनुष्याच्या पाठीवर थराथरानं चिकटवायचे. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते. तिथे नुसतं लाकूड मोडू शकतं, पण तंतूंचा थर ताण पेलतो. आजच्या लॅमिनेटेड धनुष्याच्या मुळाशी हेच तर आहे! बाणाची टोकं तो काळ्या ज्वालामुखी काचेची करायचा, तशीच फेकून दिलेल्या बाटल्यांच्या काचेचीही. कुणाचा कचरा, तर त्याचा कच्चा माल.

काम नसेल तेव्हा धनुष्य आडवं ठेवायचं आणि ते कुणी ओलांडायचं नाही, हा त्याचा नियम. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

शहरानं त्याला आसरा दिला, पण आजारही दिला. २५ मार्च १९१६ रोजी क्षयानं त्याचा मृत्यू झाला. मृतदेहाची चिरफाड झालेली त्याला चालणार नव्हती, हे त्याच्या मित्रांना ठाऊक होतं. तेव्हा दूर न्यूयॉर्कमध्ये असलेल्या क्रोबर यांनी पत्र लिहून विरोधही केला. तरी ते घडलंच. वर त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पोचला, आणि तो पाठवणारे होते क्रोबरच! धनुष्य, बाण सोबत देऊन अंत्यसंस्कार झाले, पण अर्धवट. मेंदू परत मिळाला तो थेट २००० साली, त्याच्या भाषाकुळाशी नातं सांगणाऱ्या लोकांना.

त्याची कला मात्र उरली. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्य-बाणानं शिकारीवर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेतले कितीतरी हौशी लोक पुन्हा हातानं धनुष्य करायला लागले. त्यांचा गुरू कोण? ज्याच्या लोकांना संपवलं गेलं, तो.

तुमच्याही गावात सुतारकाम, बुरूडकाम जाणणारे एखादे आजोबा असतील. मोबाइल खिशात ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. पोप यांनी एवढंच तर केलं होतं.