कोंबड्यांच्या खुराड्यात राहून नदीकाठ हिरवा करणारे आल्डो लिओपोल्ड कोण होते?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन नदीकाठची रेताड, कस गेलेली ८० एकर जमीन प्रा. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये घेतली. घर जळून गेलेलं, उरलं होतं फक्त कोंबड्यांचं खुराडं. तेच साफ करून पत्नी एस्टेला आणि पाच मुलांसह ते सुट्टीला तिथं मुक्काम करत. १९३६ मध्ये लावलेली पाइनची बहुतेक रोपं दुष्काळात वाळली. वनशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत! तरी कुटुंब दरवर्षी लावत राहिलं आणि हजारो झाडं जगली.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताची आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. याच जमिनीवर बेतलेलं त्यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रकाशकानं आठवडाभरापूर्वीच स्वीकारलं होतं. पुस्तक १९४९ मध्ये आलं.